नगरसेवक-सरपंचांची संपत्ती पाच वर्षांतून एकदाच का जाहीर व्हावी?

चौथी_प्रत
निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवार शपथपत्र देतो. त्यात स्थावर, जंगम, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं असतं. निकाल लागला की पुढची पाच वर्षं त्याला कोणी काही विचारत नाही. स्थायी समितीत बसून तो कोट्यवधींची टेंडरं मंजूर करतो, विकास आराखड्यातलं आरक्षण हलवायच्या ठरावावर हात वर करतो, आणि मधल्या काळात त्याच्या नावावर काय आलं-गेलं हे पुढच्या निवडणुकीतच कळतं. तेही तो पुन्हा उभा राहिला तर.

नव्या सभागृहांना आणि नगरविकास खात्याला एक सूचनापत्र द्यायचं आहे. प्रश्न दोन. एक, दरवर्षी संपत्ती जाहीर करण्याची सक्ती हवी की नको? दोन, हितसंबंधांबाबतच्या आजच्या तरतुदी कुठे गळतात? "सगळेच चोर" हे गृहीत धरलेलंच आहे, ते पुन्हा लिहू नये. कलम, नमुना, तारीख असं काही हातात येईल ते लिहा.

निरंक
सगळेच चोर.
(माफ करा, राहवलं नाही.)

कलमबहाद्दर
आधी आज काय आहे ते बघू, कारण अर्ध्या लोकांना वाटतं कायदाच नाही. कायदा आहे, आणि प्रत्येक पातळीला वेगळा आहे.

महापालिका: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 10. पालिकेच्या कंत्राटात किंवा नोकरीत स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर अपात्र. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा, तिथे हे कलम 16.
नगरपरिषद, नगरपंचायत: 1965 चा अधिनियम, कलम 16. आणि निवडून आल्यावरच्या अपात्रतेसाठी कलम 44, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा.
जिल्हा परिषद, पंचायत समिती: 1961 चा अधिनियम, कलम 16.
ग्रामपंचायत: कलम 14, पोटकलम 1, खंड ग. पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा कंत्राटात हिस्सा असेल तर सदस्यत्व जातं. हाही निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे, कलम 16 खाली.

संपत्तीचं शपथपत्र आलं ते सुप्रीम कोर्टाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांतून. राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकांनाही ते घेतो. पण यातल्या कोणत्याही कायद्यात "दरवर्षी विवरण द्या" असं कलम नाही. म्हणजे चौथी_प्रत यांच्या पहिल्या प्रश्नाची जागा खरोखरच रिकामी आहे.

बाराखडी
ग्रामपंचायत सदस्याला किती मुलं आहेत हे कायदा मोजतो. घरात संडास आहे आणि तो वापरतो, याचा ग्रामसभेचा दाखला मागतो. घरपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत तर घरी पाठवतो. प्लॉट किती वाढले हे मात्र विचारत नाही. प्राधान्यक्रम स्पष्ट आहे :)

मोजमाप_वही
@बाराखडी, हसण्यावारी नेऊ नका. ज्या अपात्रता कागदावर सरळ सिद्ध होतात, त्याच प्रत्यक्षात लागतात. थकबाकीचं बघा: नमुना 9 मधली (कर-मागणीच्या नोंदवहीतली) मागणी, बिल बजावल्याची सही, पावतीची तारीख. तीन कागद झाले की विषय संपला. तरी तिथेही गंमत होते. बिल दिल्याची पोच नसेल तर तीन महिने मोजायचे कुठून, आणि अर्ज तिथेच पडतो.

खंड ग मध्ये असं काही नसतं. तिथे "हिस्सा किंवा हितसंबंध" सिद्ध करायचा असतो आणि कागद दुसऱ्याच्याच नावाचा असतो. पाटी भाच्याची, काम मामाचं. कार्यारंभ आदेश भाच्याच्या नावे, बिल भाच्याच्या खात्यात, मोजमाप पुस्तकावर सही भाच्याची. मामाचं नाव कुठेच नाही.

कलमबहाद्दर
आणि कोर्ट तिथे नुसत्या नात्यावर जात नाही. गुलाम यासीन खान प्रकरण, सुप्रीम कोर्ट, 1966. मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत, वडील निवडून आलेले. निव्वळ बाप-लेकाचं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, असं कोर्टाने म्हटलं. आजही समोरचा वकील पहिला कागद हाच ठेवतो. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणाऱ्या खंडात मात्र कोर्ट पुढे गेलं. 2018 च्या जनाबाई निकालात, मूळ अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्याने केलं असलं तरी त्यात राहणारा सदस्य अपात्र ठरतो असं सांगितलं, आणि आदल्याच वर्षीचा उलटा निकाल बाजूला सारला. अतिक्रमण डोळ्यांना दिसतं. कंत्राटातला हिस्सा दिसत नाही.

सूची_दोन
खरी गळती कुठे आहे ते कलम 10 च्या पोटकलम 2 मध्ये वाचा. ते कोणी वाचत नाही. खालील गोष्टींना तिथे सूट आहे:

– जमिनीची खरेदी, विक्री, भाडेपट्टा किंवा अदलाबदल
– कर्ज किंवा तारण
– पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रातला हिस्सा
– पालिकेशी करार करणाऱ्या जॉइंट स्टॉक कंपनीतला किंवा नोंदणीकृत सहकारी संस्थेतला हिस्सा
– आपल्या नेहमीच्या व्यापारातल्या मालाची किरकोळ रकमेची अधूनमधून विक्री

ग्रामपंचायत कायद्यातलं स्पष्टीकरणही याच धाटणीचं आहे. हे अपवाद ज्या काळातले आहेत तेव्हा जॉइंट स्टॉक कंपनी म्हणजे शेकडो भागधारकांची गिरणी. त्यात कोणाचे चार शेअर असले म्हणून त्याला घरी पाठवणं अन्याय झाला असता. आज दोन भागधारकांची प्रायव्हेट लिमिटेड काढायला काही दिवस पुरतात, आणि ती अपवादाच्या शब्दांत बसते असा युक्तिवाद करायला वाट मोकळी.

मोजमाप_वही
सहकारी संस्थेचं तर त्याहून मोठं. ठरावीक मर्यादेतली कामं 33:33:34 ने वाटायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, 33 टक्के मजूर सहकारी संस्था, 34 टक्के खुली स्पर्धा. आता सूची_दोन यांचा चौथा अपवाद याच्या शेजारी ठेवा. मजूर संस्था ही सहकारी संस्था, तिच्यातला हिस्सा अपवादात. राहिलं बेरोजगार अभियंत्याचं नोंदणीपत्र, ते पुतण्याच्या नावे. तीनपैकी दोन वाटा कायद्याला धक्का न लावता मोकळ्या.

मर्यादेत बसवण्यासाठी कामाचे तुकडे पडतात ते वेगळंच. एकाच रस्त्याचं "अमुक घरापासून तमुक घरापर्यंत", मग "तमुक घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत". अंदाजपत्रकं एकाच तारखेची, दर तेच, साखळी क्रमांक (रस्त्यावरच्या अंतराची मोजणी) एकमेकांना चिकटलेले. ओळखायचं असेल तर नुसती रक्कम बघू नका, साखळी क्रमांक बघा. एक काम जिथे संपतं तिथूनच दुसरं सुरू होत असेल तर ते एकच काम आहे.

निरंक
मारुतीच्या देवळाला कशाला ओढता यात, तो ब्रह्मचारी. त्याला अवलंबित कोणी नाही.

तहकूब
मला वार्षिक सक्ती पटत नाही. कारणं सांगतो, मग झोडपा.

एक, ग्रामपंचायत सदस्य हे अर्धवेळ काम आहे आणि मानधन नगण्य. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला दरवर्षी विवरणपत्र भरायला लावलं की तो एजंटकडे जाणार. चूक झाली की विरोधक अपात्रतेचा अर्ज ठोकणार. मोठा मासा सीए ठेवतो, बारका जाळ्यात सापडतो.
दोन, महिला आणि राखीव जागांवरचे सदस्य याचे पहिले बळी ठरतील. आजही अपात्रतेचे अर्ज म्हणजे गावकीतलं हत्यार आहे.
तीन, सुप्रीम कोर्टानेच एप्रिल 2024 मध्ये कारिखो क्री प्रकरणात म्हटलंय की उमेदवाराने प्रत्येक जंगम वस्तू सांगायलाच हवी असं नाही. ती मोठ्या किमतीची असेल किंवा राहणीमानाबद्दल काही सांगत असेल तरच चूक गंभीर. तिथे वाद तीन गाड्यांचा होता.

कलमबहाद्दर
@तहकूब, तिसरा मुद्दा बरोबर, पण अर्धा. त्याच्या शेजारी 2014 चा अंबरनाथ मतदारसंघाचा निकाल ठेवा. 2004 ची विधानसभा निवडणूक, शपथपत्रात विजेची थकबाकी, पत्नीच्या नावचा बंगला, गाडी आणि भागीदारी संस्थेची माहिती आली नव्हती. निवडणूक रद्द झाली आणि तो निर्णय सुप्रीम कोर्टातही कायम राहिला. म्हणजे कोर्टाची फूटपट्टी "किती वस्तू लपल्या" ही नाही. जे लपलं ते मतदाराला महत्त्वाचं होतं का, ही आहे. आणि स्थानिक संस्थेचंच उदाहरण हवं तर 2015 चं कृष्णमूर्ती प्रकरण, तमिळनाडूतल्या पंचायतीचं. गुन्हे लपवणं म्हणजे मतदारावर गैरवाजवी प्रभाव, असं त्यात आलं.

पण खरी अडचण वेळेची आहे. खोट्या शपथपत्रावरून निवडणूक याचिका करायची तर महापालिकेला निकालानंतर 10 दिवस, ग्रामपंचायतीला 15 दिवस. एवढ्या दिवसांत सूची दोनच्या (नोंदणी झालेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याच्या) नकला काढून, वकील गाठून याचिका दाखल करायची. छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी शपथपत्र खरं की खोटं हे तपासत नाही. रकाने कोरे आहेत का एवढंच बघतो. कोरे असतील तर भरायला सांगतो, तरी नाही भरले तर अर्ज बाद. "निरंक" लिहिलं की झालं.

निरंक
माझं नाव विनाकारण बदनाम होतंय.

जावक_क्रमांक
वार्षिक सक्तीसाठी फार लांब जायला नको, शेजारी बघा. कर्नाटक महापालिका अधिनियम 1976, कलम 19. मुदत सुरू झाल्यापासून महिन्याभरात आणि नंतर दरवर्षी त्याच महिन्यात नगरसेवकाने स्वतःची आणि एकत्र कुटुंबातल्यांची मालमत्ता महापौरांकडे जाहीर करायची. दिलं नाही किंवा खोटं दिलं तर पद जातं. केरळने वेगळी वाट धरली, स्थानिक संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला, पंचायत राज कायद्यातच.

इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकलिझम कायद्याने पद घेतल्यापासून 28 दिवसांत हितसंबंध नोंदवावे लागतात, जोडीदाराचेसुद्धा. नोंदवले नाहीत किंवा तसा हितसंबंध असताना मत दिलं तर गुन्हा. पण गंमत अशी की तिथे रक्कम सांगायची नसते. नोकरी कुठे, जमीन कुठे, कंपनी कोणती, परिषदेशी करार कोणता, एवढंच. कॅलिफोर्नियात 1974 पासून दरवर्षीचा फॉर्म 700 आहे, तिथे रक्कम नेमकी नाही, पट्ट्यात (इतक्यापासून इतक्यापर्यंत). आणि कोणत्या पदाने काय सांगायचं हे त्या त्या संस्थेच्या संहितेत ठरलेलं. जमिनीवर निर्णय घेणाऱ्या पदाने जमीन सांगायची, खरेदी करणाऱ्याने पुरवठादार.

@तहकूब यांच्या दोन एकरवाल्याचं उत्तर यात आहे. त्याला आपल्या घराची किंमत सांगायची गरज नाही. गट नंबर सांगितला की पुरे.

तहकूब
हे पटण्यासारखं आहे. किंमत हा रकाना म्हणजेच भांडणाचं मूळ. खरेदीची किंमत, बाजारभाव, रेडी रेकनर, तिन्ही वेगळे आणि तिन्ही "बरोबर". वडिलोपार्जित जमिनीला खरेदीची किंमत नसतेच. गट नंबर आणि क्षेत्र हे खोटं सांगता येत नाही.

सूची_दोन
म्हणूनच तपासणी जमिनीपासून सुरू करावी. सर्वसाधारण क्रम:

आधी शपथपत्रातले गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून शोधा, सूची दोन समोर येते. मग सातबारा आणि फेरफार. शेवटी कंपनी आणि भागीदारी. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालक, महारेरावर गृहप्रकल्पाचे प्रवर्तक आणि भागीदार, जीएसटीच्या शोधात दुकानाच्या नावामागचं कायदेशीर नाव.

कुठे फसायला होतं ते सांगतो. नावाच्या स्पेलिंगवर शोध विसंबून असेल तर हमखास निसटतं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही, कुठे लग्नाआधीचं आडनाव. मिळकत क्रमांकावरून शोधलेलं बरं. दुसरं, गावठाणाबाहेर गट नंबर आणि नगरभूमापन झालेल्या भागात सिटीएस नंबर, एकाच जागेला दोन्ही असू शकतात. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकसन करारनामा. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, फार तर इतर अधिकारात एखादी ओळ येते. ताबा, बांधकाम आणि नफा मात्र तिसऱ्याचा. सोबत कुलमुखत्यारपत्र. आणि नोटरीकडे केलेली विसार पावती तर सूची दोनमध्ये येणारच नाही. त्यामुळे विवरणपत्रात "मालकी" असा रकाना ठेवला तर सगळं हातचं गेलं. "मालकी, करार, साठेखत, मुखत्यारपत्र, वहिवाट किंवा नफ्यातला हिस्सा" असं लिहावं लागेल.

बाराखडी
जमिनीवरून आठवलं. आरक्षण बदलाचा ठराव हा कंत्राट नाही ना? मग कलम 10 त्याला लागतच नसणार?

कलमबहाद्दर
बरोबर पकडलंत. प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा तर ठराव सभेपुढे येतो. त्या गटात आपली जमीन असताना हात वर करणं म्हणजे कंत्राटात हिस्सा नव्हे. नगरपरिषदेचा कायदा इथे पुढे आहे. ज्या विषयात आपला आर्थिक हितसंबंध आहे किंवा ज्यात आपण अशिलाच्या वतीने व्यावसायिक म्हणून गुंतलो आहोत, त्यावर चर्चा किंवा मतदान केलं तर कलम 44 खाली अपात्रता येते. वास्तुविशारद किंवा वकील असलेल्या सदस्यांनी दुसरा भाग नीट वाचावा.

पण हे सिद्ध कशावरून करणार? इतिवृत्तावरून. आणि इतिवृत्तात काय असतं? "सर्वानुमते मंजूर." कोण हजर, कोण बाहेर गेलं, कोण बोललं, काही नाही.

मोजमाप_वही
इतिवृत्त हीच दुखरी नस आहे. विषयपत्रिकेत "विषय क्र. 47: मौजे येथील आरक्षण क्रमांक अमुक बाबत विचार करणे" एवढंच असतं. गट नंबर नसतो, मालकाचं नाव नसतं, ठेकेदाराचं नसतं. सदस्याने प्रामाणिकपणे हितसंबंध सांगायचा ठरवला तरी त्याला कळणार कसं? आणि ऐनवेळचे विषय! अध्यक्षांच्या परवानगीने येतात, हातोहात मंजूर होतात, इतिवृत्तात नंतर चिकटवले जातात.

सूचनापत्रात संपत्तीच्या आधी हे घाला:
विषयपत्रिकेत प्रत्येक जमीन-विषयाला गट किंवा सिटीएस नंबर, प्रत्येक निविदा-विषयाला लघुत्तम देकाराच्या (सगळ्यात कमी बोलीच्या) ठेकेदाराचं नाव आणि संस्था असेल तर संचालकांची नावं.
सभा सुरू होताच पहिला विषय "हितसंबंधांची घोषणा". सांगणारा बाहेर जातो. इतिवृत्तात जाण्याची आणि परत येण्याची वेळ.
जमीन आणि निविदेचे विषय ऐनवेळच्या विषयांत घ्यायचे नाहीत.

यातल्या बहुतेकासाठी कायदा बदलायची गरज नाही. मुख्याधिकारी किंवा नगरसचिवांनी टिप्पणी नीट लिहिली तरी अर्धं काम होतं.

निरंक
"सांगणारा बाहेर जातो." मग गणपूर्ती कुठून आणायची?

मोजमाप_वही
@निरंक, विनोद म्हणून ठीक, पण स्थायी समितीत खरंच असं होऊ शकतं. सोळा सदस्य, त्यातले अर्धे दरवर्षी निवृत्त होतात. बाहेर गेलेल्याला गणपूर्तीत धरायचं पण मतदानात नाही, असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

जावक_क्रमांक
अधिकाऱ्यांना कोणी हात लावणार आहे की नाही? मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, नंतर प्रशासक. इतर अनेक ठिकाणी तसंच. त्या काळात सभागृहच नव्हतं, सगळे ठराव प्रशासकाच्या सहीने. तेव्हा नगरसेवकांचं विवरणपत्र कितीही कडक असतं तरी त्याचा उपयोग शून्य.

अधिकारी-कर्मचाऱ्यांना वार्षिक विवरण आहेच. नागरी सेवा वर्तणूक नियम 1979, नियम 19. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना 1967 चे वेगळे वर्तणूक नियम. मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र 31 मार्चच्या स्थितीचं, 31 मेपर्यंत द्यायचं. सीलबंद लिफाफ्यात. आणि तो लिफाफा बहुधा चौकशी लागली तरच उघडतो.

तहकूब
म्हणजे नगरसेवकाचं जाहीर पण पाच वर्षांतून एकदा, अधिकाऱ्याचं दरवर्षी पण सीलबंद. दोन्ही अर्धवट. एकाकडून वारंवारता घ्या, दुसऱ्याकडून उघडेपणा.

कलमबहाद्दर
एका ओळीत छान सांगितलंत. पण उघडेपणाचं काम आता अवघड झालंय. गिरीश देशपांडे निकाल, ऑक्टोबर 2012: सरकारी नोकराची संपत्ती आणि आयकर विवरण ही वैयक्तिक माहिती, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय मिळणार नाही. त्यात भर म्हणजे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधला जनहिताचा शब्दच काढला. नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू आहे. कलम 8(2) मधली जनहिताची तरतूद शिल्लक आहे, अर्जात तिचाच उल्लेख करावा. पण अर्ज करून मागण्यापेक्षा कायद्यातच "प्रसिद्ध करावे" असं असेल तर हा वादच उरत नाही. आणि प्रसिद्ध करताना पॅन, आधार, खाते क्रमांक, पूर्ण पत्ता आणि सही झाकावी. स्कॅन करून तसंच चढवलं तर कोणीतरी त्यावर कर्ज काढेल.

बाराखडी
लाचलुचपतवाले काय करतात मग? अपसंपदेचे गुन्हे दाखल होतातच की.

कलमबहाद्दर
होतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा नगरसेवक-सरपंचालाही लागतो, ते लोकसेवकच. ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त संपत्ती कलम 13 मध्ये येते, शिक्षा 4 ते 10 वर्षं. लाच मागितली तर 1064 वर फोन. पण अपसंपदेत मूळ तारखेची संपत्ती किती होती हे सिद्ध करायला लागतं. वार्षिक विवरण नसेल तर तपास अधिकारी वीस वर्षांच्या पावत्या गोळा करत बसतो. विवरण असेल तर दोन वर्षांमधला फरक समोर. लोकप्रहरी निकालात (फेब्रुवारी 2018) कोर्टाने उत्पन्नाचे स्रोत सांगायला लावले आणि संपत्तीतल्या अवाजवी वाढीवर नजर ठेवणारी कायम यंत्रणा हवी असं म्हटलं, ते याचसाठी. ते खासदार-आमदारांबद्दल होतं. खालच्या पातळीपर्यंत ते पोचलेलं नाही.

चौथी_प्रत
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. वरच्या चर्चेतून पत्राचा मसुदा असा बसवतोय:

1. एक पानी हितसंबंध-नोंद, शपथविधीनंतर 30 दिवसांत आणि मग दरवर्षी 31 मेपर्यंत. रकाने: जमीन (गट/सिटीएस आणि क्षेत्र, सूची_दोन यांच्या शब्दांत), कंपनी-भागीदारी-सहकारी संस्था, स्थानिक संस्थेशी चालू करार, ठरावीक रकमेच्या वरचं कर्ज. स्वतः, जोडीदार, अवलंबित. किंमत नाही.
2. बदल झाला तर 30 दिवसांत, वर्षभर थांबायचं नाही.
3. मोजमाप_वही यांचे विषयपत्रिकेचे तीन मुद्दे जसेच्या तसे.
4. कलम 10 पोटकलम 2 मधल्या कंपनी आणि सहकारी संस्थेच्या अपवादाला मर्यादा: ठरावीक टक्क्यांवरचा हिस्सा किंवा संचालकपद असेल तर अपवाद नाही.
5. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून 5 टक्के विवरणांची ई-सर्च आणि सातबाऱ्याशी पडताळणी.
6. उशीर झाला तर पहिल्यांदा दंड, अपात्रता फक्त हेतुपुरस्सर खोट्यासाठी. हे @तहकूब यांच्यासाठी.
7. अधिकाऱ्यांसाठीही तोच एक पानी नमुना, लिफाफा नाही.

तहकूब
6 बद्दल आभार. 5 मध्ये पडताळणी कोण करणार हे लिहा. त्याच संस्थेचा कर्मचारी करणार असेल तर तो आपल्याच अध्यक्षाचा सातबारा काढणार नाही. शेजारच्या तालुक्याचं कार्यालय नेमा.

जावक_क्रमांक
1 मध्ये "स्थानिक संस्थेशी करार" याऐवजी "जिल्ह्यातल्या कोणत्याही स्थानिक संस्थेशी" असं लिहा. नगरपरिषदेचा सदस्य जिल्हा परिषदेची कामं घेतो, जिल्हा परिषदेचा सदस्य नगरपरिषदेची. देवाणघेवाण अशीच चालते, आणि आजच्या कलमांत ती पकडली जात नाही कारण प्रत्येक कलम फक्त स्वतःच्या संस्थेबद्दल बोलतं.

मोजमाप_वही
+1. आणि ग्रामपंचायतीसाठी बरंचसं आयतंच आहे. ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या संकेतस्थळावर पैसे कोणत्या पुरवठादाराला गेले ते दिसतं. ती यादी आणि हितसंबंध-नोंद ग्रामसभेत शेजारी-शेजारी लावा. संगणक नको, फळा पुरे.

सूची_दोन
"अवलंबित" ची व्याख्या करा, नाहीतर सगळं फुकट. कमावता मुलगा अवलंबित नाही, सून नाही, सासरे नाहीत. आणि बहुतेक सूची दोन त्यांच्याच नावच्या असतात. विवरणात त्यांना ओढता येणार नाही, त्यांचंही खासगीपण आहेच. पण सभेतल्या घोषणेत ओढता येईल: "माझ्या माहितीप्रमाणे जवळच्या नातेवाइकाचा या विषयात हितसंबंध आहे." तिथे मालमत्तेची यादी नको, फक्त त्या विषयापुरतं सांगायचं.

चौथी_प्रत
घेतलं. 1 मध्ये अवलंबित, 3 मध्ये जवळचे नातेवाईक. नातेवाइकांची यादी कुठवर?

निरंक
लग्नपत्रिकेत "आपले नम्र" खाली जितके बसतात तितके.

सूची_दोन
@चौथी_प्रत, आई-वडील, भावंडं, मुलं, सून-जावई, सासू-सासरे, मेहुणे, आणि भाचे-पुतणे. शेवटचे दोन विसरू नका, नोंदणीपत्रं त्यांच्याच नावावर असतात.